मेणातील कडे −५२ डेसिबल देते, त्याच सिरॅमिकची पट्टी −४ पर्यंतही पोहोचत नाही. चूक नेमकी कुठे?

नवसंशोधक

नमस्कार. मी सूक्ष्मलहरी शोषणाऱ्या सिरॅमिक नॅनोकॉम्पोझिटवर पीएच.डी. करीत आहे आणि सध्या तिसरे वर्ष चालू आहे. पॉलिसिलॉक्झेन या द्रवरूप पॉलिमरमध्ये कार्बन नॅनोट्यूब विखरून ते मिश्रण आधी घट्ट करायचे आणि मग आर्गॉन वायूत १००० अंश सेल्सिअसला भाजायचे, अशी माझी पद्धत आहे. भट्टीतून बाहेर येते ते काळे, काचेसारखे चकाकणारे सिलिकॉन ऑक्सिकार्बाइड असते आणि नळ्या त्यात अडकून राहिलेल्या असतात. ८.२ ते १२.४ गिगाहर्ट्झच्या एक्स बँडमध्ये काम करणारा व ६०० अंशांपर्यंत टिकणारा शोषक तयार करणे हे उद्दिष्ट आहे.

या विषयातील बहुतेक शोधनिबंधांत जसे करतात तसेच मीही केले. सिरॅमिक दळून त्याची पूड वजनाने ७० टक्के या प्रमाणात पॅराफिन मेणात मिसळली, बाहेरून ७ मि.मी. आणि आतून ३.०४ मि.मी. व्यासाचे कडे दाबून घेतले आणि नेटवर्क अ‍ॅनालायझरवर पर्मिटिव्हिटी (पदार्थ विद्युतक्षेत्राला किती प्रतिसाद देतो हे सांगणारी संख्या) मोजली. १० गिगाहर्ट्झला तिचा वास्तव भाग (ऊर्जेची साठवण) ९ च्या आसपास आणि काल्पनिक भाग (ऊर्जेचा क्षय) ४ च्या किंचित खाली आला. हे आकडे नेहमीच्या सूत्रात घालून जाडी बदलत गेले, तेव्हा २.५५ मि.मी. जाडीला रिफ्लेक्शन लॉसचा आलेख −५२ डेसिबलपर्यंत खाली गेला (आकडा जितका खाली, तितके परावर्तन कमी). त्या दिवशी प्रयोगशाळेत पेढे वाटायचेच काय ते राहिले होते.

त्यानंतर त्याच सिरॅमिकची २.५५ मि.मी. जाडीची पट्टी हिऱ्याच्या चकतीने कापून वेव्हगाइडमध्ये (लहर वाहून नेणाऱ्या धातूच्या पोकळ नळीत) बसवली, मागे धातूची टोपी लावली आणि परावर्तन प्रत्यक्ष मोजले. संपूर्ण एक्स बँडमध्ये आलेख −४ डेसिबलच्या खाली एकदाही गेला नाही. मार्गदर्शकांचे मत असे आहे की शोषण कमी पडत असल्यामुळे नॅनोट्यूबचे प्रमाण दोन टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर न्यावे. एका सहकाऱ्याचा सल्ला आहे की बेरियम हेक्झाफेराइट मिसळावे, म्हणजे चुंबकीय शोषणही मिळेल. मी कोणाचे ऐकावे, आणि मुळात दोन मोजमापांपैकी खोटे कोणते समजावे?

तरंगलांबी

दोन्ही मोजमापे खरी असण्याची शक्यता मोठी आहे, कारण ती दोन वेगळ्या पदार्थांची आहेत. कड्यामध्ये आपण मोजले ते सिरॅमिक आणि मेण यांचे मिश्रण होते. पूड वजनाने ७० टक्के असली तरी मेण हलके असल्यामुळे घनफळाने ती जेमतेम निम्मी भरते, आणि पुडीचा प्रत्येक कण विद्युतरोधक मेणाने वेढला जातो. पट्टीत मात्र नळ्या एकमेकींना टेकलेल्या असतात आणि त्यांचे जाळे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड असते. त्यामुळे पट्टीची पर्मिटिव्हिटी कड्याच्या दुपटी-तिपटीने जास्त असेल, तर त्यात नवल नाही. ते −५२ डेसिबल मेणाच्या मिश्रणाचे आहेत, आणि ६०० अंशांना टिकणाऱ्या पदार्थाची शिफारस ६० अंशांच्या आसपास वितळणाऱ्या मेणाच्या आकड्यावरून करणे योग्य नाही. (ही पद्धत इतकी रूढ झाली आहे की परीक्षकही आता विचारीत नाहीत, ही माझी जुनी तक्रार आहे.)

दुसरा मुद्दा त्या आकड्याच्या अर्थाचा आहे. सूत्रात असे गृहीत धरलेले असते की पदार्थाचा अमर्याद सपाट थर धातूच्या पत्र्यावर बसवलेला आहे आणि लहर त्यावर अगदी काटकोनात येत आहे. अशा वेळी एक लहर थराच्या पुढच्या पृष्ठावरून परतते आणि दुसरी आत शिरून, धातूवर आपटून, जाता-येता क्षीण होत बाहेर पडते. या दोन लहरी सारख्या उंचीच्या आणि उलट कलेच्या (एकीचा उंचवटा तिथे दुसरीचा खळगा) असल्या की एकमेकींना पुसून टाकतात. चष्म्याच्या काचेवरील चमक मारणारा लेप याच तत्त्वावर चालतो. १० गिगाहर्ट्झची लहर हवेत ३० मि.मी. लांब असते, पर्मिटिव्हिटी ९ असलेल्या पदार्थात ती वर्गमुळाच्या, म्हणजे तीनच्या, पटीने आखूड होऊन १० मि.मी. होते, आणि तिचा चौथा हिस्सा २.५ मि.मी. येतो. आपली २.५५ ही जाडी तिथूनच आली आहे. ९ आणि ४ या आकड्यांनी हिशेब केला, तर पहिल्याच पृष्ठावरून सुमारे २८ टक्के ऊर्जा परत फिरते. ती नाहीशी होते ती मागून येणारी लहर तिला नेमकी छेदते म्हणून. आलेखातील खोल दरी ही या छेदण्याच्या अचूकपणाची खूण आहे. पदार्थ जास्त "खातो" म्हणून दरी खोल झाली, असा तिचा अर्थ काढू नये.

ही अचूकता किती नाजूक असते तेही करून पाहावे. समजा, दरी −६० डेसिबलची आहे. जाडीत एक टक्का, म्हणजे सुमारे २५ मायक्रोमीटर, एवढा फरक पडला की त्या ठिकाणी फक्त −३३ डेसिबलच्या आसपासचा आकडा उरतो. केसाच्या जाडीच्या निम्म्याहूनही कमी असलेला हा फरक भट्टीतून आलेल्या कोणत्याही पट्टीत असतोच, आणि पर्मिटिव्हिटीच्या मोजमापातील चूक तर याहून मोठी असते.

नॅनोट्यूब वाढवण्याच्या सल्ल्याविषयी मात्र स्पष्ट सांगतो, की ते करू नये. हवेचा प्रतिबाध (लहरीला होणारा विरोध, इम्पिडन्स) ३७७ ओहम असतो आणि पदार्थाचा प्रतिबाध त्याच्यापासून जितका दूर जाईल, तितकी लहर दारातूनच परत फिरते. नळ्यांचे जाळे अखंड झाल्यावर वाहकता झपाट्याने वाढते आणि शोषकाचा आरसा होऊ लागतो. समजा, पर्मिटिव्हिटीचे दोन्ही भाग ३० झाले, तर निम्म्याहून जास्त ऊर्जा, सुमारे ५७ टक्के, आत शिरतच नाही. अशा पदार्थाला लहरी अडवणारा म्हणता येईल, पण अडवणे आणि शोषणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

आधी पट्टीची पर्मिटिव्हिटी थेट मोजावी. तसे करताना पट्टी आणि वेव्हगाइडच्या रुंद भिंती यांच्यामध्ये राहणाऱ्या फटीवर लक्ष ठेवावे, कारण विद्युतक्षेत्र त्या फटीच्या आरपार जाते आणि काही शतांश मिलिमीटरची हवादेखील आकडा बराच खाली ओढते. फटीत चांदीची पेस्ट भरावी.

निवृत्त रडारवाला

वरील प्रतिसादाशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु खोल दरीला इतके क्षुल्लक ठरवू नये असे मला वाटते. −२० डेसिबलला ९९ टक्के ऊर्जा गेली, मग उरलेल्या एका टक्क्यासाठी कशाला धडपडायचे, हा युक्तिवाद भट्टीसाठी ठीक असला तरी रडारसाठी लंगडा पडतो. रडारचा पल्ला परावर्तक क्षेत्रफळाच्या चौथ्या मुळाच्या प्रमाणात बदलतो. परावर्तन १० डेसिबलने कमी झाले तर पल्ला ५६ टक्क्यांवर येतो, २० डेसिबलने ३२ टक्क्यांवर, आणि तो १० टक्क्यांवर आणायचा असेल तर ४० डेसिबल कमी व्हावे लागतात. म्हणजे त्या शेवटच्या टक्क्यातच पुढचा सगळा खेळ आहे.

मात्र रडार एकाच वारंवारतेवर बसून राहत नाही आणि समोरची वस्तू काटकोनात उभी राहत नाही, म्हणून मी कोणताही शोषक पाहताना प्रथम वारंवारतेच्या पट्ट्याची रुंदी विचारतो. सॅलिसबरी यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पडद्याचे अमेरिकन पेटंट १९५२ चे आहे. त्यात धातूपासून पाव तरंगलांबीवर ३७७ ओहमची एक पातळ चादर ताणलेली असते आणि तिची दरीही कागदावर हवी तितकी खोल जाते. अडचण नेहमी रुंदीची आली. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांच्या श्वसननळ्यांवर शोषक थर चढवले गेले, तेव्हाही जाडी आणि रुंदी यांच्यातील ही ओढाताण होतीच.

या ओढाताणीला गणिती मर्यादा आहे. रोझानोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने २००० साली दाखवून दिले की धातूवर बसवलेल्या थराची जाडी ठरली की त्याने तरंगलांबीच्या सर्व पट्ट्यांत मिळून किती शोषण करावे याची कमाल मर्यादाही ठरते. ही मर्यादा वापरून अचुंबकीय पदार्थासाठी मी हिशेब केला. संपूर्ण एक्स बँडमध्ये −१० डेसिबल हवे असतील तर थर किमान ०.७२ मि.मी. जाड हवा, आणि −२० हवे असतील तर १.४५ मि.मी. हवा. संपूर्ण पट्ट्यात −५२ मिळवायचे म्हटले तर ३.७ मि.मी.हून अधिक जाडी लागेल, म्हणजे आपल्या २.५५ मि.मी.मध्ये ते कोणत्याही पदार्थाने, कोणत्याही रचनेने शक्य नाही. प्रबंधात हा हिशेब एका परिच्छेदात द्यावा, कारण आपण काय मागत आहोत आणि निसर्ग काय देऊ शकतो हे त्यातून परीक्षकाला लगेच कळेल.

एक वाचक

विषय तांत्रिक असला तरी सगळे वाचले. एक साधा प्रश्न विचारतो. आमच्या इमारतीसमोर मोबाइलचा टॉवर आहे; अशा सिरॅमिकच्या फरश्या गच्चीच्या भिंतीला लावल्या तर उपयोग होईल का?

तरंगलांबी

होणार नाही. येथे चर्चेत असलेला थर १० गिगाहर्ट्झसाठी आहे. ९०० मेगाहर्ट्झची लहर हवेत सुमारे ३३ सें.मी. लांब असते आणि २.५ मि.मी.चा हा थर तिला जवळजवळ जाणवतही नाही. कमी वारंवारतेसाठी फेराइटच्या फरश्या असतात. उपकरणांच्या चाचणीच्या अ‍ॅनेकोइक चेंबरच्या (लहरी परत न फिरवणाऱ्या खोलीच्या) भिंतींवर साधारण सहा मिलिमीटर जाडीच्या अशा फरश्या बसवतात आणि त्या ३० मेगाहर्ट्झपासून १ गिगाहर्ट्झपर्यंत काम करतात. त्या जड आणि महाग असतात. शिवाय घरात सिग्नल क्षीण झाला की आपला स्वतःचा फोन जास्त शक्तीने प्रक्षेपण करू लागतो, याचाही विचार व्हावा.

आवा

मी सिरॅमिकच्या भट्टीवर काम करणारा माणूस आहे, त्यामुळे ६०० अंशांच्या मुद्द्यावर लिहितो. वरच्या चर्चेत तो मागे पडला आहे.

बेरियम हेक्झाफेराइटचा सल्ला दोन कारणांनी टिकत नाही. त्याचे क्यूरी तापमान ४५० अंशांच्या आसपास आहे. त्यापुढे तो चुंबक राहत नाही, आणि चुंबकत्व त्या बिंदूच्या बऱ्याच आधीपासून उतरू लागते. दुसरे कारण असे की शुद्ध हेक्झाफेराइटचे नैसर्गिक अनुस्पंदन (ज्या वारंवारतेला चुंबकीय शोषण सर्वाधिक होते ते) ४५ ते ५० गिगाहर्ट्झच्या परिसरात असते. ते एक्स बँडमध्ये खाली आणायचे तर लोहाच्या काही अणूंच्या जागी कोबाल्ट व टायटॅनियम घालावे लागतात. सर्वसाधारण तापमानाला हा उत्तम मार्ग आहे, आपल्या कामासाठी नाही. धातूंमध्ये निकेल ३५८ अंशांना बाद होते, लोखंड ७७० पर्यंत आणि कोबाल्ट ११०० च्या पुढे टिकते, पण बारीक कणांच्या रूपात उघड्या हवेत हे दोन्ही गंजून जातील. सिरॅमिकच्या आत पूर्ण झाकलेले कोबाल्टचे कण हा विचार करण्याजोगा पर्याय आहे. ते कण एक मायक्रोमीटरहून पुष्कळ लहान ठेवावेत, कारण १० गिगाहर्ट्झला लोखंडासारख्या धातूत लहर जेमतेम तेवढीच आत शिरते आणि मोठ्या कणांचा गाभा फुकट जातो.

कार्बनचेही तसेच आहे. हवेत ५०० अंशांच्या आसपास नॅनोट्यूब जळू लागतात. ऑक्सिकार्बाइडच्या आत त्या सुरक्षित असतात, परंतु कापलेल्या कडेवर उघड्या पडलेल्या नळ्या आणि सूक्ष्म भेगांच्या वाटेने हवा पोहोचते त्या नळ्या टिकत नाहीत. एक सोपी परीक्षा सांगतो. पट्टी हवेत ६०० अंशांना दहा तास ठेवावी, नंतर मोडावी आणि मोडलेली कड पाहावी. कडेने राखाडी किनार दिसली आणि आतला भाग काळा राहिला, तर ऑक्सिजन कुठपर्यंत गेला हे फूटपट्टीने मोजता येते.

तिसरी गोष्ट फार थोडे लोक लक्षात घेतात. अशा सिरॅमिकची वाहकता तापमानाबरोबर वाढते, त्यामुळे पर्मिटिव्हिटीचे दोन्ही भाग, विशेषतः काल्पनिक भाग, गरम असताना चढतात. खोलीच्या तापमानाला नेमका जुळवलेला थर ६०० अंशांना आरशाकडे झुकलेला असतो. म्हणून थंड असताना तो थोडा "कमी पडणारा" ठेवावा, म्हणजे गरम झाल्यावर जुळणीत येतो. नळ्या पाच टक्के करण्याऐवजी अर्धा टक्का करून पाहण्यास मी याच कारणासाठी सांगेन. भाजण्याचे तापमान १४०० अंशांपर्यंत नेले, तर ऑक्सिकार्बाइडमध्येच सिलिकॉन कार्बाइडचे नॅनोस्फटिक आणि मोकळ्या कार्बनचे पदर तयार होतात. ते आपले आपण लहर शोषतात आणि बाहेरून फार काही घालावे लागत नाही. चीनमधील शीआन येथील नॉर्थवेस्टर्न पॉलिटेक्निकल युनिव्हर्सिटीत अशा पॉलिमरजन्य सिरॅमिकवर बरेच काम झालेले आहे.

नवसंशोधक

सर्वांची मी आभारी आहे. तीन आठवड्यांनी लिहीत आहे, कारण पट्ट्या पुन्हा तयार कराव्या लागल्या.

प्रथम फटीविषयी. जुनी पट्टी काहीही न भरता मोजली, तेव्हा १० गिगाहर्ट्झला वास्तव भाग १७ आला. तीच पट्टी वरच्या व खालच्या कडांना चांदीची पेस्ट लावून, सुकवून, पुन्हा बसवली तेव्हा वास्तव भाग २४ आणि काल्पनिक भाग १९ आला. पेस्टच्या एका बोटाने पुसता येईल इतक्या थराने सात अंकांचा फरक पडेल, यावर माझा आधी विश्वास बसला नाही म्हणून तीनदा करून पाहिले. आता २४ आणि १९ हे आकडे मोकळ्या हवेच्या सूत्रात घातले, तर पहिल्या पृष्ठावरूनच निम्मी ऊर्जा परतते आणि धातूसह संपूर्ण थराचा आकडा −२ ते −४ डेसिबलच्या दरम्यान राहतो. पट्टीने दाखवलेला −४ च्या आतला आलेख खराच होता. याच आकड्यांवरून मेण आणि ७० टक्के पूड यांच्या मिश्रणाचा अंदाज काढला तर तो ९ च्या थोडा वर आणि ४.७ असा येतो. म्हणजे दोन्ही मोजमापे एकमेकांशी जुळतात. मार्गदर्शकांना हे सगळे एका कागदावर मांडून दाखवले. ते काही वेळ गप्प राहिले आणि पाच टक्क्यांचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

नळ्यांचे प्रमाण अर्धा टक्का करून नवीन पट्ट्या घातल्या आहेत. त्याबरोबर जुन्या दोन टक्क्यांच्या थरावर पुढून एक जुळवणारा थर बसवता येईल का, याचाही हिशेब केला. त्याची पर्मिटिव्हिटी ५.५ च्या आसपास आणि जाडी ३.२ मि.मी. लागते. घट्ट सिलिकॉन नायट्राइडची पर्मिटिव्हिटी ८ धरली, तर त्यात सुमारे पाव हिस्सा पोकळी ठेवून हा आकडा गाठता येतो. पण मग एकूण जाडी पावणेसहा मिलिमीटरपर्यंत जाते, आणि जुळवणारा थर असूनही रोझानोव्ह यांची मर्यादा मोजता हा सौदा विशेष फायद्याचा वाटत नाही.

आता अडचण भट्टीची आहे. नव्या सहा पट्ट्यांपैकी चार पायरोलिसिसमध्ये (पॉलिमर भाजून सिरॅमिक करताना) तडकल्या. मिनिटाला ३ अंश या वेगाने थेट १००० पर्यंत तापवले होते.

आवा

तडकणारच. ४०० ते ८०० अंशांच्या दरम्यान पॉलिमरमधून मिथेन, हायड्रोजन वगैरे वायू बाहेर पडतात आणि त्याच वेळी पट्टी लांबीने पाव हिश्शाहून अधिक आकसते. आतला वायू बाहेर निघण्याआधी वरचा पापुद्रा कडक झाला की भेग पडते. त्या टप्प्यात मिनिटाला अर्धा अंश ठेवावा, ४५० आणि ६०० वर तासभर थांबावे आणि ८०० नंतर हवा तो वेग घ्यावा. आधीच भाजून दळलेली ऑक्सिकार्बाइडची पूड तीस-चाळीस टक्के मिसळून पट्टी दाबली तर आकसणेही कमी होते. नळ्या मात्र पुडीत आणि नव्या पॉलिमरमध्ये सारख्याच प्रमाणात ठेवाव्यात, नाहीतर कण आणि त्यांच्यामधील भाग यांची वाहकता वेगवेगळी होईल. आणि पट्टी अ‍ॅल्युमिनाच्या ताटलीवर थेट ठेवू नये; खाली ग्राफाइटचा कागद घालावा, म्हणजे आकसताना ती सरकू शकेल. आपल्या न तडकलेल्या दोन पट्ट्या कशावर ठेवल्या होत्या?

नवसंशोधक

उरलेल्या दोन्ही पट्ट्या ताटलीच्या कडेला तिरप्या टेकवलेल्या होत्या, कारण मध्ये जागा उरली नव्हती. ग्राफाइटचा कागद उद्याच मागवते.